थेंबे थेंबे तेल

सायकल घ्यायला आलेला माणूस आधी घंटी वाजवून बघतो. मग सीट अंगठ्याने दाबतो, ब्रेक आवळतो, पुढचं चाक उचलून फिरवतो आणि घरच्यांकडे वळून रंगाबद्दल मत विचारतो. गिअर किती, हे तीनतीनदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर दुकानदार एखादा वाढवून देईल अशी आशा असावी. चेनकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. ती आहे, एवढं पुरे. पुढे तिची आठवण दोनदाच येते : पडते तेव्हा आणि पँटला लागते तेव्हा.

वास्तविक सायकलवर सगळ्यात जास्त राबते तीच. हिशेब करून पाहा. साधी काळी अठ्ठावीस इंची सायकल घ्या. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. पॅडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे किलोमीटरभर सलग पॅडल मारलं तर चेनच्या सत्तरेक प्रदक्षिणा होतात. एका प्रदक्षिणेत प्रत्येक कडीला चारदा हलावं लागतं. पुढच्या चक्रावर चढताना वाकायचं, उतरताना सरळ व्हायचं, मागे पुन्हा तेच. म्हणजे किलोमीटरमागे पावणेतीनशे-तीनशे कवायती, त्याही माणसाचं सगळं वजन ओढत. अशा कड्या शंभरावर आणि प्रत्येकीत दोन पट्ट्या, एक पिन, एक रोलर. सगळे मिळून साडेचारशेच्या आसपास सुटे भाग होतात. एवढे सुटे भाग घरातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्रात असते, तर आपण त्याला कव्हर शिवलं असतं.

ही करामत हान्स रेनॉल्ड नावाच्या गृहस्थांची. मूळचे स्वित्झर्लंडचे, कारखाना मँचेस्टरला. 1880 साली त्यांनी बुश आणि रोलर असलेल्या चेनचं पेटंट घेतलं आणि आज आपल्या पायाखाली फिरते ती थोड्याफार फरकाने तीच. त्याआधीच्या उंच सायकलींचं पॅडल थेट पुढच्या चाकाला असे. वेग हवा तर चाक मोठं हवं, आणि चाक मोठं म्हणजे पडणं उंचावरून. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, आणि मागच्या चाकाला चेन. तेव्हापासून सायकलवरून पडणं हा मध्यमवर्गाला परवडणारा प्रकार झाला. पुढे राईट बंधूंनी, मूळ धंदा सायकलींचाच असल्यामुळे, 1903 च्या विमानातही इंजिनापासून पंख्यांपर्यंत चेनच नेल्या. त्यातली एक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आडवी फिरवलेली, म्हणजे दोन पंखे उलटसुलट फिरावेत. आमच्या सोसायटीतले निवृत्त इंजिनियर ही हकिगत रंगवून सांगतात आणि शेवटी दरवेळी विचारतात, “वर गेल्यावर चेन पडली असती तर बसवायला कोण उतरलं असतं?”

हेच गृहस्थ ‘चेन ताणली’ असं कुणी म्हटलं की अस्वस्थ होतात. चेन ताणत नाही, ती झिजते, असं ते बजावतात, आणि ते खरं आहे. पोलादी पट्ट्या काही च्युइंगगमसारख्या लांबत नाहीत. पिन ज्या भोकात फिरते तिथे पिन थोडी झिजते, भोक थोडं झिजतं. एका सांध्यात केसाइतकाही फरक नसतो, पण शंभर सांध्यांचे केस एकत्र आले की चेन लोंबायला लागते. ती मग फ्रीव्हीलच्या दात्यांवर नीट बसत नाही, त्यांच्या माथ्याकडे सरकते आणि त्यांनाही आपल्या मापाने झिजवते. दाते वाकड्या नखांसारखे दिसू लागले की समजावं, दोघांची जोडी जमली. आता नवी चेन आणली तरी जुनं फ्रीव्हील तिला नांदू देणार नाही. चढावर जोर लावला की कटकन घसरते आणि गुडघा हँडलवर आपटतो. म्हणून चेन वेळेवर बदलली तर फ्रीव्हील वाचतं. कंजूष माणसाने चेन लवकर बदलावी.

लवकर म्हणजे कधी, याचं उत्तर कोपऱ्यावरचे मिस्त्री सुतात देतात. सुतार, गवंडी, फिटर यांचं सूत : इंचाचा आठवा भाग. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चार सूत. साध्या सायकलच्या चेनची आतली रुंदी बरोबर एक सूत, गिअरवाल्या बहुतेक चेनची पाऊण सूत. जगभरच्या कारखान्यांनी मापं ठरवताना आमच्या मिस्त्रींना विचारलं होतं की काय, असा संशय यावा. तपासण्याची रीत अशी : मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी घ्यायची, शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवायचं आणि ती सोडून पुढच्या चोवीस पिना मोजायच्या. चेन नवी असेल तर चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. अर्धं सूत पुढे गेली तर गिअरच्या सायकलची चेन बदलायला झाली. एक सूत पुढे गेली तर साध्या सायकलचीही वेळ भरली, आणि गिअरवाल्याने फ्रीव्हीलचेही पैसे बाजूला काढावेत. यासाठी वेगळं मापयंत्रही मिळतं. ते घेणाऱ्याला हरकत नाही. फूटपट्टी मात्र लगेच परत दप्तरात ठेवावी, कारण तिच्यावर उमटलेला काळा ठसा भूमितीच्या वहीत उतरतो आणि चौकशी बापापर्यंत येते.

टिकाऊ चेन निवडताना लोक चकाकीला भुलतात. निकेलचा मुलामा दिलेली रुपेरी चेन गंजायला वेळ लावते, हे खरं. पण गंज बाहेरून येतो आणि झीज आतून, पिनपाशी होते, आणि तिथे मुलाम्याचं फारसं काही चालत नाही. सोनेरी चेनही मिळते. ती लावून पुण्यात फिरणाऱ्यांच्या धैर्याचं कौतुक आहे, कारण इथे सोनेरी चेन म्हटल्यावर लोक आधी पदर सावरतात. माझं मत विचाराल तर गिअर जितके कमी तितकी चेन टिकाऊ. एकाच वेगाच्या सायकलची चेन जाड, नाकासमोर सरळ चालणारी. गिअर वाढले की मागची चक्रं दाटीवाटीने बसतात, त्यांच्यात मावावी म्हणून चेन बारीक करावी लागते, आणि वर तिला तिरकं चालायला लावतात. पुढचं मोठं चक्र आणि मागचंही सगळ्यात मोठं, असा गिअर टाकून लोक लांब लांब जातात. त्या वेळी चेनकडे मागून पाहिलं तर ती किती वाकड्या कंबरेने चालली आहे ते दिसतं. दूध आणायला आणि टेकडीवर जायला आठ गिअर भरपूर झाले. बारा गिअरवाल्याने नाजूक आणि महागडी चेन सांभाळायची तयारी ठेवावी, आणि आपल्या बाराव्या गिअरचा आपण शेवटचा उपयोग कधी केला हे मनाशी आठवावं.

नवी चेन बसवताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. साध्या चेनचा जोड एका बारीक लॉकने बंद होतो. त्या लॉकचं एक टोक बंद असतं, दुसरं माशाच्या शेपटीसारखं उघडं. बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटं बसलं तर एखाद्या दिवशी कुठेतरी अडकून ते निघतं, आणि चेन रस्त्यावर लांबलचक पसरते. चेन किती ताणून बसवायची, तर खालच्या बाजूला मधोमध बोटाने दाबल्यावर तीन-चार सूत हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर खड्ड्यात पडते, घट्ट असेल तर पॅडल जड जातं आणि बेअरिंग कुरकुरतात. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक मागे ओढलं की झालं. फक्त ओढताना चाक एका बाजूला तिरकं जाऊ देऊ नये.

शाळेच्या वयात चेन पडणं हा दिनक्रमाचाच भाग असे. काडीने बसवायचा प्रयत्न करायचा, काडी मोडायची, मग निमूटपणे बोटं घालायची. हात काळे झाले की रस्त्याकडेची कोरडी माती चोळायची. माती तेल ओढून घेते, हे आम्हाला रसायनशास्त्राच्या आधी कळलं. पँटला लागलेला डाग मात्र मातीला दाद देत नाही. त्याला खोबरेल चोळून मग साबण लावायचा असतो. तेलाचा डाग तेलाने काढायचा हे पुरुषमाणसाला पटायला जरा वेळ लागतो. चेन कायम उजव्या बाजूला, त्यामुळे डागही उजव्या पायालाच. जुन्या पुण्यात कचेरीत शिरणाऱ्या माणसाची उजवी पँट घोट्याच्या वर दुमडलेली आणि डावी खाली असली की तो सायकलवाला, हे शिपायालासुद्धा कळे. पूर्ण चेनकव्हर असलेल्या सायकली होत्या, नाही असं नाही. पण कव्हरच्या आत काय चाललंय ते दिसत नसल्यामुळे त्यातली चेन कुरकुर ऐकू येईपर्यंत निराधार असे.

आता मुख्य प्रश्न तेलाचा. या बाबतीत आपल्याकडे हात सैल आहे. मिस्त्रींकडे लांब चोचीचा तेलाचा डबा असतो. सायकल उभी केली रे केली की ते पॅडल उलटं फिरवत चेनवर टकटक टकटक तेल सोडतात. ‘पुरे’ म्हटलं तर दुखावतात. “साहेब, तेलाला कुणी नाही म्हणतं का?” त्या डब्यात पुष्कळदा मोटारसायकलचं जळकं ऑइल असतं, धातूच्या बारीक कणांसकट. चेन दिवसभर काळीकुळीत चमकते, आवाज बंद होतो आणि मालक खूश होतो. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची धूळ येऊन त्या तेलात मुक्कामाला बसते. तेल आणि बारीक वाळू यांचं जे मिश्रण तयार होतं ते लोखंड घासायला उत्तम. आपण दर आठवड्याला त्यात भर घालत राहतो आणि म्हणतो, इतकी काळजी घेऊनसुद्धा चेन टिकत नाही. माझ्या पाहण्यात बिनतेलाने गेलेल्या चेनपेक्षा लाडाने गेलेल्या चेन जास्त आहेत.

घरगुती तेलांची तर गोष्टच नको. गोडेतेल काही दिवसांत चिकट होतं. खोबरेल पावसाळ्यापर्यंत ठीक चालतं, पण डिसेंबरच्या पहाटे बाटलीत गोठतं तसं चेनमध्येही गोठतं. शिवणयंत्राचं तेल त्यातल्या त्यात समजूतदार. पातळ असल्यामुळे आत पोचतं, त्याच कारणाने लवकर निघूनही जातं. तो निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा गंज सोडवायला आणि पाणी हटवायला चांगला, पण त्यावर चेन चालवायची म्हणजे पाहुण्याला नुसत्या सरबतावर ठेवण्यासारखं आहे.

खरी रीत कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती कुणी पाळत नाही. आधी चेन धुवायची. पूर्वी रॉकेल घराघरात असे. आता शहरात ते शोधावं लागतं आणि दुकानदार कशाला हवं म्हणून विचारतो. रॉकेल, नाही तर डिझेल. चेन काढता येत असेल तर रुंद तोंडाच्या बाटलीत घालून, वर रॉकेल ओतून, झाकण लावून खळखळ हलवायची. बाहेर येणारा द्रव रंगाने थेट कोल्ड्रिंकसारखा दिसतो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं आणि ती फ्रिजच्या आसपास फिरकू देऊ नये. तो द्रव मोरीत ओतायचा नाही. दोन दिवस ठेवला की काळा गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पुढच्या वेळी चालतं. चेन काढता येत नसेल तर जुना टूथब्रश. जुना म्हणजे खरोखर निवृत्त झालेला. याची खात्री घरातल्या सर्व संबंधितांकडून आधी करून घ्यावी.

मग चेन वाळू द्यायची. हे फार महत्त्वाचं, कारण आत रॉकेल राहिलं तर वरून घातलेलं तेल पातळ होऊन वाहून जातं. वाळल्यावर प्रत्येक रोलरवर एक थेंब. एकच. बाहेरच्या पट्ट्यांवर नाही, मधल्या फिरत्या रोलरवर. सुरुवात कुठून केली ते कळावं म्हणून जोडाच्या कडीला मुलीच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवावा. तो मेरुमणी. तिथून निघायचं आणि एकेक कडी पुढे सरकवत, प्रत्येकीला एक थेंब देत, पुन्हा मेरुमणीपाशी यायचं. माझ्या साध्या सायकलच्या चेनला 112 कड्या आहेत, माळेपेक्षा चारच जास्त, आणि एकाग्रता तेवढीच लागते. मध्येच कुणी भाजीचं काय म्हणून विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. मग पॅडल उलटं फिरवत राहायचं, म्हणजे तेल आत उतरतं. आणि शेवटी, ज्याला सगळे नाकं मुरडतात ते काम : स्वच्छ फडक्याने चेन पकडून बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. आत्ताच घातलेलं तेल पुसायला सांगणारा माणूस वेडा वाटतो. पण तेलाचं काम पिनपाशी आहे, बाहेर फक्त धुळीचं स्वागत होतं. फडकं फिरता फिरता काळ्याचं करडं होतं, आणि चेनचा सरसर असा कोरडा, समाधानी आवाज यायला लागतो.

माझ्या भाच्याला हे सगळं मागासलेलं वाटतं. तो मेणपंथी आहे. चेन स्वच्छ धुऊन, पॅराफिनचं मेण वितळवून, त्यात तिला बुडवून काढतो. थंड झाली की मेण आत घट्ट बसतं, बाहेर धूळ चिकटत नाही, चेन हाताने धरली तरी बोटाला काही लागत नाही. तो ती मला धरायला लावतो आणि म्हणतो, “मामा, बोटं बघ.” बोटं खरोखर स्वच्छ असतात. मेण थेट विस्तवावर ठेवलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून तो गरम पाण्याच्या पातेल्यात मेणाचं पातेलं ठेवतो. म्हणजे पातेली दोन लागतात, आणि दोन्ही त्याच्या आईची. तिने शेवटी त्याला स्वतःची पातेली आणायला लावली आणि त्यांवर ऑइल पेंटने नाव घातलं.

मेणाची गंमत जून उजाडेपर्यंत. आषाढीच्या आधी पुण्या-नाशकाहून पंढरपूरला सायकलवारी निघते, त्यात तो जातो. पहिल्या जोरदार सरीत मेणाचं तेज ओसरतं, वाटेवरचा चिखल मडगार्ड नसलेल्या सायकलवर वरखाली उडतो, आणि पोचेपर्यंत चेन करकरा ओरडत असते. आपल्याकडे पावसाळ्यात चिवट, दाट तेलाला पर्याय नाही. आणि आल्यावर त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने चेन पुसायला तर नाहीच नाही. रात्रभर ओली ठेवली की सकाळी ती भगवी झालेली असते.

या वादात माझे मेव्हणे, म्हणजे त्याचे वडील, तिसऱ्या बाजूला आहेत. त्यांनी सायकलला आजवर तेल घातलेलं नाही. 1999 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर या प्राध्यापकांनी चेनची परीक्षा घेतली. चेन पायाची ताकद अठ्ठ्याण्णव टक्क्यांहूनही जास्त चाकापर्यंत पोचवू शकते, असं दिसलं. आणि प्रयोगशाळेत तरी तेलामुळे त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे कळल्यापासून मेव्हण्यांचा आळस शास्त्रशुद्ध झाला. पण त्याच मंडळींनी तेलाचं काम काय, तर मोकळी जागा व्यापून घाण आत येऊ न देणं, असाही अंदाज केला होता. तो भाग मेव्हण्यांच्या कानी पोचत नाही. प्रयोगशाळेत रस्ता खोदून ठेवलेला नव्हता, शेजारी बांधकाम चालू नव्हतं, डंपर वाळू सांडत गेला नव्हता. आमच्या रस्त्यावर हे तिन्ही एकाच वेळी असतं.

सायकलची सार्वजनिक आंघोळ खंडेनवमीला होते. नळाला पाइप लावून फ्रेम, मडगार्ड, रिम, आरा न् आरा चकाकवतात. हँडलला हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या पाइपाचं पाणी सगळ्यात जास्त जिरतं ते चेनमध्ये, आणि सणाच्या गडबडीत ती पुसायची राहते. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला निघालेला मुलगा वळणावर हँडल फिरवतो, माळ तुटून खाली लोंबते आणि तिचा दोरा पुढच्या चक्रात गुंडाळला जातो. रोलरांच्या मधून पाकळ्या आणि दोरा चिमट्याने काढत बसणं हा दसऱ्यानंतरच्या आठवड्यातला मिस्त्रींचा जोडधंदा आहे.

झिजलेली चेन कुणी टाकून देत नाही. मिस्त्री तिचा हातभर तुकडा लोखंडी पट्टीला जोडून फ्रीव्हील धरून ठेवायचं हत्यार करतात. कुणी फाटकाला कुलूप अडकवायला वापरतं, तर कुणी कुंडी टांगायला. जुन्या सिनेमांत मात्र ती थेट खलनायकाच्या माणसांकडे जाई. अड्ड्यावरचा गुंड चेन मुठीला गुंडाळून नायकाच्या अंगावर धावून जायचा, अंगात पांढरी बेलबॉटम, आणि मारामारी संपेपर्यंत ना तळहात काळा, ना पँटवर एक डाग. त्यांच्या चेनला काय लावत असतील, हे मी भाच्याला आणि मिस्त्रींना, दोघांनाही विचारून पाहिलं. भाच्याच्या मते मेण. मिस्त्रींनी मान हलवली. “कसलं मेण, साहेब! कोरडीठाक असणार. तुम्ही ती मारामारी झाल्यावर दोन दिवसांनी बघायला हवी होती.”